बारापैकी चार

५ मार्च २०२५ रोजी शिकागोहून दिल्लीला निघालेलं एअर इंडियाचं एआय १२६ हे विमान दहा तासांहून जास्त वेळ हवेत राहिलं आणि पुन्हा शिकागोलाच उतरलं. इंजिनं धडधाकट होती, इंधन भरपूर होतं. विमानातले संडास तुंबले होते.

बातमी वाचून अनेकांना हसू आलं. मलाही आलं, आणि ते दाबावंसं वाटलं नाही. पोटापुढे आणि मूत्राशयापुढे माणसाची धांदल उडते तेव्हा माणूस पहिल्यापासून हसत आला आहे. पण ज्यांचे आई-वडील अमेरिकेतल्या मुलांकडे जाऊन-येऊन असतात, त्यांना हसता हसता एकदम काळजी वाटते. चौदा तासांच्या प्रवासात आईला जायला मिळालं नाही तर? बाबांची लघवीची गोळी सकाळीच घेऊन झालेली असेल तर? म्हणून त्या दिवसाचा घटनाक्रम मी विमानाच्या बाजूने न लावता, त्यात बसलेल्या शरीराच्या बाजूने लावतो आहे.

उड्डाणाच्या आदल्या रात्रीपासून

परतीच्या प्रवासाची उघड तयारी म्हणजे बॅगांची वजनं. तेवीस किलोच्या वर काटा गेला की बदाम काढा, चॉकलेटं घाला, पुन्हा चढवा. दुसरी तयारी मात्र गुपचूप चालते. रात्री हलकं खायचं. सकाळचा चहा अर्धा कप. पाण्याची बाटली हातात असली तरी फक्त ओठ ओले करायचे. कारण जागा खिडकीजवळची आहे, आणि शेजारच्या दोन अनोळखी माणसांना झोपेतून उठवून बाहेर पडायचं या कल्पनेनेच जीव संकोचतो.

डॉक्टर नेमकं उलट सांगतात. विमानातली हवा फार कोरडी असते, तेव्हा पाणी पीत राहा, दर थोड्या वेळाने उठून चाला, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. पण साठीनंतरच्या माणसाला स्वतःचं शरीर डॉक्टरांपेक्षा जवळून माहीत असतं. मधुमेह असेल तर लघवी वारंवार होते. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात. पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असते, बाळंतपणं झालेल्या बायकांचे ओटीपोटाचे स्नायू सैल झालेले असतात आणि नुसती शिंक आली तरी भीती वाटते. ही माणसं विमानात शिरताना सिनेमे किती आहेत ते पाहत नाहीत. संडास किती पावलांवर आहे ते आधी पाहतात.

शिकागो हे या माणसांचं जुनं ठिकाण आहे. तिथे १९६९ पासून महाराष्ट्र मंडळ आहे. नातवंडांची बारशी आणि मुंजी, लेकीची बाळंतपणं, सुनेची नवी नोकरी, या सगळ्यासाठी मराठी आजी-आजोबांच्या किती पिढ्या ओहेअर विमानतळावर उतरल्या असतील. त्या विमानतळावरच्या स्वच्छतागृहांत एक गंमत आहे. संडासाच्या बैठकीवर प्लॅस्टिकचं आवरण असतं. यंत्रापुढे हात हलवला की ते आवरण गोल सरकतं आणि नवं कोरं प्लॅस्टिक पुढे येतं. पहिल्यांदा पाहणारा माणूस दोनदा-तीनदा हात हलवून पाहतो. काही ठिकाणी फ्लशही आपोआप सुटतो, कधी कधी माणूस उठायच्या आधीच. तरीही ती जागा सोडून निघताना वाटतं, विमानात चढण्याआधी अजून एकदा जाऊन यावं. हा विचार शहाणपणाचा आहे आणि तो प्रत्येकाने ऐकावा.

शून्य तास

विमान बोइंग ७७७-३००ईआर. कमाल वजन घेऊन निघालं तर साडेतीनशे टनांच्या वर. आत सुमारे तीनशे प्रवासी आणि बारा संडास. म्हणजे सरासरी पंचवीस माणसांमागे एक. बिझनेस क्लासमध्ये हा वाटा मोठा, इकॉनॉमीत लहान.

पंचवीस माणसांमागे एक हे प्रमाण चाळीतल्या सार्वजनिक संडासांची आठवण असणाऱ्यांना फार वाईट वाटणार नाही. गिरगाव-परळच्या चाळींत एका मजल्याला मिळून मोजकेच संडास असत, आणि सकाळी बादली घेऊन रांगेत उभं राहणं हा दिनक्रमच होता. पण चाळीत दुसऱ्या मजल्यावर जाता येत असे, ऑफिसात जाऊन भागत असे. अकरा हजार मीटरवर वरचा मजला नसतो.

पहिला तास

पट्टे बांधायचा दिवा विझतो. गाड्या निघतात, जेवण येतं. आता शरीरात दोन गोष्टी घडतात, आणि दोन्ही कुणाच्या हातात नाहीत.

पहिली अशी की जेवण पोटात पडलं की मोठं आतडं जागं होतं. वरून नवं आलं म्हणजे खालचं पुढे सरकवायचं, हा शरीराचा नेम आहे. घरी जेवणानंतर ज्यांना लगेच जायला लागतं त्यांना तो चांगला ठाऊक असतो.

दुसरी गोष्ट विमानाची. केबिनमधली हवा समुद्रसपाटीइतक्या दाबाची नसते. अशा विमानांत ती जास्तीत जास्त आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी इतकी विरळ होऊ शकते. दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो, या उंचीला तर जवळजवळ एक तृतीयांशाने. म्हणून विमानात प्रत्येकाचं पोट थोडं तट्ट होतं, कमरेचा पट्टा काचतो. हा प्रश्न डॉक्टरांनीही मनावर घेतला आहे. २०१३ साली न्यूझीलंड मेडिकल जर्नलमध्ये डेन्मार्कचे याकोब रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विमानातल्या वायूबद्दल लेखच लिहिला. त्यांचा सल्ला सरळ होता: धरून ठेवल्याने त्रास होतो, सोडून द्यावं. त्या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर आहे. लाखो प्रवाशांच्या मनातली गोष्ट त्यांनी छापून आणली.

जेवणाच्या रिकाम्या ताटल्या गोळा होईपर्यंत कुणालाच उठता येत नाही, कारण मार्गिकेत गाडी उभी असते. ती गाडी मागे गेली की सगळे एकदम उठतात.

१ तास ४५ मिनिटं

कंपनीने नंतर सांगितल्याप्रमाणे, उड्डाणाला पावणेदोन तास झाले तेव्हा केबिन क्रूने कळवलं की बिझनेस आणि इकॉनॉमी क्लासमधले काही संडास चालत नाहीत.

इथे थांबून विमानातला संडास चालतो कसा ते पाहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच ठरलं. पूर्वीच्या विमानांत निळं रासायनिक पाणी असे. तेच गाळून पुन्हा पुन्हा फिरवलं जाई. ते जड असे, वास येई, गळती झाली तर बाहेर त्याचा बर्फ धरे. १९७५ साली जेम्स केम्पर यांनी निर्वात संडासाचं पेटंट घेतलं आणि १९८२ साली बोइंगने तो विमानात बसवला. आता भांड्यात पाणी साठलेलं नसतं. बटण दाबलं की तळाची झडप उघडते. बाहेरच्या विरळ हवेचा दाब नळात, आत केबिनमधला जास्त दाब; या फरकामुळे भांड्यातलं सगळं स्ट्रॉतून सरबत ओढल्यासारखं क्षणात ओढलं जातं. एका फ्लशला अर्धा लिटरही पाणी लागत नाही. सोळा हजार फुटांच्या खाली हा फरक पुरत नाही, तेव्हा पंप ते काम करतो. लहान मुलं ज्या आवाजाला घाबरून रडतात तो आवाज या ओढीचा.

या योजनेत एकच दुबळी जागा आहे. नळ अरुंद असतात, आणि अनेक संडास पुढे जाऊन एकाच मुख्य नळाला मिळतात. त्या मुख्य नळात काही अडकलं की एक संडास बंद पडत नाही. ओळीने पडतात.

भारतीय माणसाला आणखी एक गोष्ट सांगावी लागते. आपण रेल्वेत वाढलो. ‘गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये’ ही पाटी वाचत वाढलो, आणि खालून पळणारे रूळ पाहिले. त्यामुळे विमानही वरून सोडत असेल, असं पुष्कळांना अजून वाटतं. तसं होत नाही. सगळं मागच्या भागातल्या टाकीत जमा होतं आणि टाकीची झडप बाहेरून, जमिनीवर उभ्या असलेल्या माणसालाच उघडता येते. दिल्लीत निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने घरावर घाण पडल्याची तक्रार केली होती, त्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये असं कुणी करताना सापडलं तर पन्नास हजार रुपये दंड करण्याचा आदेश दिला, तो याच विषयावर.

पावणेदोन तासांत शिकागोहून ईशान्येकडे निघालेलं विमान कॅनडावर पोहोचतं. त्याच क्षणी मागे फिरायला काय हरकत होती, असं आज घरी बसून विचारता येतं. पण तेव्हा ‘काही संडास’ बंद होते, सगळे नव्हते. आणि एवढं मोठं विमान निघाल्याबरोबर परत उतरवणं सोपं नसतं. या जातीच्या विमानाचं उड्डाणाचं कमाल वजन साडेतीनशे टन, तर उतरण्याचं कमाल वजन अडीचशे टनांच्या आसपास. मधलं शंभर टन इंधन जाळावं लागतं किंवा हवेत सोडावं लागतं. इंधनाची टाकी हवेत रिकामी करण्याची सोय या विमानात आहे. त्या दिवशी जी टाकी आणि जे नळ रिकामे व्हायला हवे होते, त्यांच्यासाठी तशी सोय कुठल्याच विमानात नाही.

दुसरा ते चौथा तास

बारांपैकी आठ संडास बंद पडले. चार उरले.

साधा हिशेब करून पाहा. तीनशे माणसं, चार संडास, म्हणजे प्रत्येकी पंचाहत्तर. माणशी चार मिनिटं धरली, आणि म्हाताऱ्या माणसाला, लहान मुलाला घेऊन गेलेल्या आईला, साडी सावरणाऱ्या बाईला चार मिनिटं काहीच नाहीत, तरी सगळ्यांची एक फेरी पुरी व्हायला पाच तास लागतात. बारा चालू असते तर ती शंभर मिनिटांत झाली असती. दिल्ली अजून दहा-बारा तासांवर होती. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात चारशे-पाचशे मिलिलिटर मावतं आणि कळ त्याच्या निम्म्यालाच लागायला सुरुवात होते. चांगलं निरोगी माणूसही तीन-चार तासांनी जातं. म्हणजे पहिल्या फेरीतला शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत पहिला माणूस पुन्हा रांगेत उभा.

अशा रांगेत माणसं बदलतात. जो आधी पुस्तकात डोकं घालून बसला होता तो चार ओळी मागे असलेल्या अनोळखी आजोबांना म्हणतो, काका, तुम्ही पुढे व्हा. दुसरा एक जण डोळे मिटून घेतो, कारण नजरानजर झाली तर जागा द्यावी लागेल. आत गेलेल्या माणसाला दाराबाहेरच्या दहा माणसांचे श्वास ऐकू येतात, आणि ऐकू आले की काहीच होत नाही. पुरुषांची ही अडचण फार जुनी आहे आणि डॉक्टरांकडे तिला नावही आहे. त्या बिचाऱ्याला लोक उगाच बोल लावतात.

हवेत असा प्रसंग पहिल्यांदा आला असं नाही. मार्च २०१५ मध्ये लंडनहून दुबईला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान अर्ध्या तासात मागे फिरलं, कारण एका संडासातून असह्य वास येत होता आणि बंद केबिनमधली बरीचशी हवा पुन्हा फिरवली जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये अटलांटाहून बार्सिलोनाला निघालेल्या डेल्टाच्या विमानातल्या एका प्रवाशाचं पोट इतकं बिघडलं की मार्गिकेभर घाण झाली. वैमानिकाने नियंत्रण कक्षाला जैविक धोका असल्याचं कळवून विमान परत नेलं. त्या प्रवाशाचं नाव बाहेर आलं नाही, हे फार चांगलं झालं. त्याच्यावर जे गुदरलं ते आपल्यापैकी कुणावरही गुदरू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये बालीहून ब्रिस्बेनला जाणाऱ्या व्हर्जिन ऑस्ट्रेलियाच्या विमानात सगळेच संडास बंद पडले आणि समुद्रावरून जाताना लोकांना बाटल्यांचा आधार घ्यावा लागला.

या सगळ्यांत मला सर्वात आवडणारा किस्सा नॉर्वेचा. जानेवारी २०१८ मध्ये ओस्लोहून म्युनिकला निघालेल्या नॉर्वेजियनच्या विमानात संडासाचा बिघाड झाला आणि विमान परत ओस्लोला आलं. त्या विमानात प्लंबिंगच्या एका कंपनीचे डझनावारी प्लंबर बसले होते. त्यांच्या प्रमुखाने नंतर सांगितलं की दुरुस्ती आम्ही आनंदाने केली असती, पण ती बाहेरून करावी लागणार होती आणि दहा हजार मीटर उंचीवर माणूस बाहेर पाठवण्याची जोखीम आम्ही घेतली नाही. हे वाचून कितीही हसलं तरी त्यातली खरी गोष्ट विसरता येत नाही: हत्यारं आणि हुन्नर असलेली एवढी माणसं आत असूनही नळाचा तो टप्पा त्यांच्या हाती लागला नाही. शिकागोहून निघालेल्या विमानात तर केबिन क्रू होता, हातमोजे होते आणि चार दारं होती.

क्रूबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. तीनशे लोकांना शांत ठेवायचं, कुणाला आधी सोडायचं ते ठरवायचं, मुलं आणि गरोदर बायकांसाठी रांगेत जागा करायची, आणि हे सगळं करताना आपलीही कळ दाबायची. त्यांच्यासाठी वेगळा संडास नसतो. वैमानिकांनाही पुढच्या संडासापर्यंत यावंच लागतं.

पाचवा तास

इथे विमान वळलं.

ते उत्तर अटलांटिकवर, ग्रीनलंडच्या परिसरात होतं. कंपनीच्या म्हणण्यानुसार तिथून युरोपातल्या काही शहरांकडे विमान वळवता आलं असतं, पण युरोपातल्या बहुतेक विमानतळांवर रात्रीच्या उड्डाणांना निर्बंध असतात, म्हणून परत शिकागोला जायचं ठरलं. युरोपात तेव्हा रात्र होत होती. हे निर्बंध खरे आहेत आणि कडक आहेत. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित उड्डाणं बंद असतात. आजूबाजूच्या वस्तीला झोप मिळावी म्हणून तिथले लोक वर्षानुवर्षं न्यायालयात लढले.

मला आणखी एक कारण सुचतं, आणि ते भारतीय पासपोर्टशी जोडलेलं आहे. मध्यरात्री युरोपातल्या एखाद्या विमानतळावर तीनशे माणसं उतरवली असती तर त्यांतल्या बऱ्याच जणांकडे तिथला व्हिसा नसता. विमानतळाबाहेर पडता येत नाही, हॉटेल नाही, दुसरं विमान नाही. शिकागोला निदान यांतल्या बहुतेकांची घरं, मुलं, नातेवाईक आहेत. संडास कमी पडले म्हणून तीनशे जणांना बाकड्यांवर रात्र काढायला लावणं हा काही मार्ग नव्हता. वळण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. तो उशिरा झाला का, यावर वाद होऊ शकतो. पण चार संडासांवर दिल्ली गाठायची असं कुणी ठरवलं असतं, तर ते निव्वळ क्रौर्य झालं असतं.

लांब पल्ल्याच्या विमानाचा पल्ला किती, हे आपण इंधनाने मोजतो. एक इंजिन बंद पडलं तर किती मिनिटांत कुठला विमानतळ गाठता येईल, याचे कागद तयार असतात. वाटेत डॉक्टर लागला तर, वादळ आलं तर, यांचीही उत्तरं असतात. त्या दिवशी इंधन पुरेसं होतं आणि तरीही विमानाचा पल्ला संपला होता. तो मूत्राशयाने संपवला होता.

सहावा ते नववा तास

आता सगळ्यांना समजलं होतं की आपण मागे चाललो आहोत. दिल्लीत कुणी गाडी घेऊन येणार होतं, कुणाची तिथून मुंबई-पुण्याची पुढची तिकिटं होती, आणि आलो तेवढाच रस्ता पुन्हा कापायचा होता, त्याच चार दारांसमोर उभं राहून.

या तासांबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. घोटभर पाणी नको म्हणणं, पाय जवळ घेऊन बसणं, घड्याळ न पाहण्याचा प्रयत्न करणं. खिशातल्या गोळ्यांचं पाकीट काढून, आता घेऊ की उतरल्यावर, असा विचार करणं. एरवी ज्यांना आपल्या शरीराबद्दल नवऱ्याशीही बोलायचा संकोच वाटतो त्या बायका अशा वेळी शेजारच्या अनोळखी बाईला मोकळेपणाने सांगतात, की हो, मलाही तसंच होतं. या बोलण्याने जो धीर येतो तो औषधाने येत नाही.

दहा तासांनंतर

शिकागो. तीच धावपट्टी, तीच इमारत. विमानातून उतरलेल्या माणसांची पहिली धाव कुठे गेली असेल हे सांगायला नको. हात हलवला की प्लॅस्टिक सरकवणारी ती यंत्रं त्या रात्री अखंड चालली असतील.

कंपनीने प्रवाशांना हॉटेलात ठेवलं, दुसऱ्या उड्डाणाची सोय केली, ज्यांना तिकीट रद्द करायचं होतं त्यांना पैसे परत देऊ केले. दहा तासांचा प्रवास करून एक किलोमीटरही पुढे न गेलेल्या या माणसांना चौदा तासांचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून करायचा होता.

१० मार्च

पाच दिवसांनी कंपनीने निवेदन काढलं. तपासात नळांतून पॉलिथिनच्या पिशव्या, चिंध्या आणि कपडे निघाले. याआधी इतर उड्डाणांतही ब्लँकेट, आतले कपडे आणि डायपर संडासात टाकलेले सापडले होते, असंही त्यात होतं. संडासाचा वापर फक्त त्याच कामासाठी करा, अशी विनंती होती.

त्यानंतर जे बोललं गेलं ते मला फार लागलं. भारतीयांना अक्कल नाही, शिस्त नाही, यांना विमानात बसवू नये, असं बोलणाऱ्यांत भारतीयच पुढे होते. ब्लँकेट चुकून भांड्यात पडत नाही, हे मान्य. ते टाकणारा माणूस तीनशे जणांचा गुन्हेगार आहे आणि त्याला तसं सांगायलाच हवं. पण पिशवी आणि चिंधी यांच्यामागे मला बहुतेक वेळा लाज दिसते. माणूस आयुष्यभर पाण्याने धुत आला आहे आणि विमानातल्या बहुतेक संडासांत जेट स्प्रे नसतो. मग तो रुमाल ओला करून नेतो, बाटली नेतो, कागद कसा वापरायचा ते कुणी शिकवलेलं नसतं. काम झाल्यावर तो ओला रुमाल, तो पॅड, बाळाचा डायपर ठेवायचा कुठे? कचऱ्याची झडप आरशाखाली, भिंतीच्याच रंगाची, तिच्यावरची खूण बोटभर. बाहेर रांग उभी आहे. हातात धरून बाहेर जाणं अशक्य. मग ते पिशवीत गुंडाळून जिथे सगळं अदृश्य होतं तिथे टाकलं जातं. चूक मोठी आहे, पण तिच्यावर उपाय आहे आणि तो शिव्यांपेक्षा स्वस्त आहे. दाराच्या आत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मोठं चित्र लावा: कागद इथे, बाकी सगळं तिथे. कचऱ्याच्या झडपेला ठळक रंग द्या. पॅड आणि डायपरसाठी छोट्या पिशव्या ठेवा. सुरक्षेच्या सूचना हिंदीत सांगतच असता, त्यात एक वाक्य याचं घाला. आणि जमेल तिथे पाण्याची सोय करा, कारण विमान ज्यांना घेऊन जातं त्यांची सवय पाण्याची आहे.

घरातल्या मोठ्या माणसांना मी एवढंच सांगतो. तिकीट काढतानाच मार्गिकेजवळची जागा मागा, पैसे जास्त पडले तरी द्या. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासापुरती बदलता येईल का, ते डॉक्टरांना आधी विचारा. पाणी तोडू नका. जेवणाच्या गाड्या निघण्याआधी जाऊन या, नंतरची गर्दी टळते. ज्यांना भीती वाटते त्यांनी प्रौढांचं डायपर खुशाल घालावं. अंतराळवीरही उड्डाणाच्या वेळी आणि यानाबाहेर काम करताना ते घालतात. आणि शेजारच्याला उठवायला अजिबात लाजू नका. तोही माणूसच आहे, दोन तासांनी तोही तुम्हाला उठवणार आहे.

विमान कंपन्यांकडे आणि त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांकडे मात्र माझी मागणी आहे. बारा संडासांच्या विमानात, चौदा तासांच्या मार्गावर, किती संडास बंद असताना उड्डाण सोडायचं नाही आणि हवेत किती बंद पडले की परत फिरायचं, हा आकडा तिकिटाच्या अटींत छापा. सामानाचे किलो जिथे छापता, त्याच पानावर.